विलंबाचे कथन : अब्राहामकथेतील अभिवचन, संशय आणि काळ

ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात 'देवाची वेळ' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्याच्या पोटात काय दडले आहे याचा विचार सहसा होत नाही. मनुष्याने अभिवचनावर विसंबावे, विलंब झाला तरी खचू नये, ईश्वर आपल्या वेळी आपला शब्द पुरा करतो, असा या प्रयोगाचा उपदेशपर अर्थ. मराठीत 'देवाच्या घरी देर आहे पण अंधेर नाही' ही म्हण जवळजवळ हेच काम करते. दोहोंतही विलंब हा केवळ एक अडथळा ठरतो. शेवट ठाऊक असल्यामुळे मधला काळ वजा केला तरी चालतो. परंतु ज्या कथेवर या श्रद्धेची उभारणी झाली आहे, ती उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाची कथा मधला काळ वजा करू देत नाही. तिचा कथनव्यूहच त्या काळावर रचलेला आहे. या व्यूहात संशयाला कोणते स्थान आहे आणि त्याचे आकलन मराठी समीक्षेला कोठे उपयोगी पडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम संज्ञेकडे पाहू. मराठी बायबलमध्ये 'अभिवचन' हा शब्द रूढ आहे. मूळ हिब्रूत मात्र 'अभिवचन' या अर्थाचा स्वतंत्र शब्द नाही. देव 'बोलला' किंवा देवाने 'म्हटले', एवढेच तेथे असते. ते बोलणेच अभिवचन होय. ग्रीक नव्या करारात त्याला वेगळी संज्ञा मिळते. मराठीतील साधा 'वचन' हा शब्द उच्चार आणि शपथपूर्वक दिलेला शब्द असे दोन्ही अर्थ वाहतो, म्हणून तो एका परीने हिब्रूला अधिक जवळचा आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण 'उक्तिकृती' या कल्पनेशी परिचित आहोत. वचन हे वर्णन नव्हे, कृती आहे; ते दिले जाताच देणारा आणि घेणारा या दोघांचीही स्थिती बदलते. ते पुरे होण्यापूर्वीच त्याचे परिणाम सुरू झालेले असतात. अब्राहाम घर सोडतो तो याच कारणाने. अभिवचनातील वंश वा भूमी यांपैकी काहीही हाती नसताना त्याचे सारे जीवन त्या शब्दाभोवती फिरू लागलेले असते.

या ठिकाणी आपल्या पुराणकथांतील 'वर' आणि हे 'अभिवचन' यांतील भेद ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. वर हा बहुधा तपाचे फळ असतो. तो मागितला जातो आणि मिळतो. त्यानंतरची कथा त्या वराच्या शब्दरचनेत असलेल्या फटीवर चालते. हिरण्यकशिपूच्या अटींतून नरसिंह वाट काढतो, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. कैकेयीच्या वरांमध्ये काळाचा अवकाश आहे हे खरे, पण तेथे वर साठवून ठेवणारी व्यक्ती मनुष्य आहे, आणि तो केव्हा मागावयाचा हे तिच्या हाती आहे. अब्राहामाने काही मागितलेले नाही, तप केलेले नाही, आणि शब्द केव्हा फळाला यावा यावर त्याचा अधिकार नाही. म्हणून असे म्हणता येईल की वरकथेचा ताण शब्दांत असतो, तर अभिवचनकथेचा ताण काळात असतो.

२

हा ताण संहितेत कसा सिद्ध होतो ते पाहू. अब्राहाम (तेव्हाचा अब्राम) हारान सोडतो तेव्हा तो ७५ वर्षांचा आहे. कनानात दहा वर्षे काढल्यावर साराय आपली मिसरी दासी हागार त्याला देते. इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा असतो. पुढे तो ९९ वर्षांचा असताना देव पुन्हा दर्शन देतो, आणि १०० व्या वर्षी इसहाकाचा जन्म होतो. म्हणजे एकंदर अवधी पंचवीस वर्षांचा. यातील सर्वांत लक्षणीय जागा मात्र अशी आहे की जेथे काहीच लिहिलेले नाही. सोळाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात वय ८६ आणि सतराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात ९९. दोन लगतच्या वाक्यांमध्ये तेरा वर्षे निघून गेली आहेत. जेरार झनेत यांनी कथनातील कालावधीची चर्चा करताना ज्याला काललोप म्हटले, त्याचे हे टोकाचे उदाहरण आहे. सामान्यतः काललोपात निरर्थक काळ वगळला जातो. येथे नेमका तोच काळ वगळला आहे ज्यात श्रद्धेची कसोटी लागत असणार. देव बोलत नाही, म्हणून निवेदकही बोलत नाही. वाचकाला ते मौन आकड्यांच्या वजाबाकीतून स्वतःच शोधून काढावे लागते.

दुसरी गोष्ट वेळेच्या निश्चितीची. बाराव्या अध्यायातील पहिल्या अभिवचनाला तारीख नाही. तेराव्या व पंधराव्या अध्यायांत ते अधिक विस्तृत होते. पंधराव्यात चारशे वर्षांचा एक आकडाही येतो, पण तो वंशजांच्या दास्याविषयीचा आहे, पुत्रजन्माविषयीचा नव्हे. पुत्रजन्माची नेमकी वेळ, पुढील वर्षी याच सुमारास, प्रथम येते ती सतराव्या अध्यायात, म्हणजे चोवीस वर्षे उलटल्यावर, आणि मग अठराव्यात ती पुन्हा सांगितली जाते. हसणे येते तेही याच दोन अध्यायांत. सतराव्यात अब्राहाम उपडा पडून हसतो, अठराव्यात सारा तंबूच्या दाराआड हसते. अभिवचन अनिश्चित होते तोवर त्याच्याबरोबर जगता येत होते. त्याला तारीख मिळताच ते हास्यास्पद वाटू लागले. संशय विलंबातून उपजतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही कथा मात्र असे सुचविते की विलंबाची सवय होऊ शकते. अधिक अवघड असते ती पूर्ततेची निश्चित घोषणा, कारण ती मनुष्याने दरम्यान केलेली तडजोड उघडी पाडते. इश्माएलच आपल्यासमोर जगो, असे अब्राहाम म्हणतो, तेव्हा जे हाती आहे तेवढ्यावर त्याने समाधान मानलेले आहे हे स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप संभवतो. उत्पत्तीची संहिता एकहाती नाही. वेलहाउझेन यांच्या १८७८ मधील ग्रंथापासून तिच्यातील निरनिराळे स्तर वेगळे करण्याची परंपरा आहे. त्या मांडणीतील बऱ्याच गोष्टी पुढे वादग्रस्त ठरल्या, तरी 'पुरोहित-स्तर' हा घटक बहुतेक अभ्यासक मान्य करतात. आणि वयाचे हे आकडे त्याच स्तरातले. अब्राहामाचे हसणे त्या स्तरातले, तर साराचे हसणे अन्य परंपरेतले. मग पंचवीस वर्षांचा हा व्यूह केवळ संकलनाचा अपघात नव्हे काय? उत्तर असे की संकलन हीही एक अर्थपूर्ण कृती आहे. पुरोहित-स्तर साधारणपणे बाबेलच्या बंदिवासाच्या किंवा त्यानंतरच्या काळातला मानला जातो. इ. स. पूर्व ५८७-८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर उद्ध्वस्त झाले, भूमी हातची गेली. ज्या समाजाला आपले अभिवचन मोडले असे वाटत होते, त्याने आपल्या मूळपुरुषाच्या कथेत वर्षे मोजून घातली. हा विलंब त्या वाचकांचा स्वतःचा विलंब होता. म्हणून स्तरभेदाच्या संशोधनाने या वाचनाला बाध येत नाही, उलट त्याला ऐतिहासिक आधार मिळतो.

३

संशयाचे नेमके स्वरूप पंधराव्या अध्यायात सर्वांत स्पष्ट दिसते. तोपर्यंत देव तीनदा बोलला आहे आणि अब्रामाने शब्दाने एकदाही उत्तर दिलेले नाही. तो निघाला, त्याने वेदी बांधली, एवढेच. देवाला उद्देशून त्याचे पहिले शब्द येतात ते येथे, आणि ते तक्रारीचे आहेत. मी निःसंतान आहे, मग तू मला काय देणार, असा त्यांचा आशय. यानंतर त्याने देवावर विश्वास ठेवला असे निवेदक सांगतो. हे सहावे वचन. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात, विशेषतः पौलापासून ल्यूथरपर्यंत, या वचनाला केंद्रस्थान मिळाले. पण आठव्या वचनात तोच अब्राम विचारतो की हे मला मिळेल हे मी कशावरून समजू? विश्वास आणि प्रश्न यांच्यात केवळ एका वचनाचे अंतर आहे. निवेदकाला यात विसंगती वाटत नाही. देवही रागावत नाही, तर करार करतो. म्हणजे संशय हा श्रद्धेचा अभाव नसून तिचे बोलते रूप आहे. ज्याचा शब्दावर विश्वासच नाही, तो शब्द देणाऱ्याला जाब कशाला विचारील?

ही गोष्ट नव्या करारातील वाचनाशी ताडून पाहावी लागते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल अब्राहामाला अविश्वासाने न डगमगलेला पुरुष म्हणून उभा करतो. तेथे हसणे नाही, हागार नाही. गलतीकरांच्या पत्रात हागार येते ती रूपक होऊन. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सारेचीही गणना श्रद्धावंतांत होते. उपदेशपर परंपरेतील गुळगुळीत अब्राहामाचा उगम असा खुद्द ख्रिस्ती धर्मग्रंथातच आहे. मात्र त्याच इब्री पत्रातले अकरावे प्रकरण हेही नमूद करते की या पूर्वजांना अभिवचनाचे फळ न मिळताच ते मेले. उत्पत्तीतील कथेला हे धरूनच आहे. सारा १२७ व्या वर्षी मरण पावते तेव्हा अभिवचनातल्या भूमीत तिला पुरण्यापुरतीही जागा अब्राहामाची नसते. एफ्रोन हित्तीकडून चारशे शेकेल रुपे तोलून देऊन तो मकपेलाचे शेत व त्यातील गुहा विकत घेतो. ज्याला सारा देश कबूल केला होता, त्याच्या मालकीचे होते ते एक दफनस्थान, आणि तेही पैसे मोजून घेतलेले. निवेदक यावर भाष्य करीत नाही.

आधुनिक समीक्षेने या कथेकडे पाहिले, पण ती बहुधा एकाच शिखरावर थांबली. कीर्केगार्द यांनी १८४३ साली 'भय आणि कंप' मध्ये मोरिया डोंगरावरील इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग घेतला. आउअरबाख यांनी इस्तंबूलमधील निर्वासित वास्तव्यात लिहिलेल्या आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस'च्या पहिल्या प्रकरणात तोच प्रसंग होमरच्या शैलीसमोर ठेवला आणि अव्यक्त पार्श्वभूमी हे बायबलच्या कथनाचे वैशिष्ट्य दाखविले. कीर्केगार्द यांच्या ग्रंथात दीर्घ प्रतीक्षेचा उल्लेख येतो, तरी विवेचनाचा भार डोंगरावरच आहे. या दोन्ही विवेचनांचे मोल वादातीत आहे. तथापि तीन दिवसांची ती यात्रा हा निर्णायक क्षण आहे. पंचवीस वर्षे हा क्षण नव्हे. क्षणात शौर्य दाखविता येते. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याला धान्य, गुरे, दुष्काळ, शेजारी यांच्याशी व्यवहार करीत राहावे लागते आणि त्यात तो चुकतोही. पत्नीला बहीण म्हणून सांगण्याची युक्ती अब्राहाम मिसरात एकदा करतो. आणि पुत्रजन्माची वेळ सांगितली गेल्यानंतर, विसाव्या अध्यायात, गरारात तीच पुन्हा करतो. निश्चित शब्द मिळाल्यावरही जुनी भीती तशीच आहे. माझ्या मते श्रद्धेचे अधिक खरे चित्रण डोंगरावर नसून या कंटाळवाण्या, लज्जास्पद मधल्या भागात आहे.

४

या मधल्या भागात प्रतीक्षेचे ओझे कोणावर पडते हा प्रश्न टाळता येणार नाही. अभिवचन अब्राहामाला मिळते. साराला ते थेट मिळत नाही; ती ते पडद्याआडून ऐकते. वय तिचे, देह तिचा, वांझपणाचा कलंक तिचा. तिचे हसणे हे ज्याला शब्द दिला गेला त्याचे हसणे नाही, ज्याच्या देहावर तो शब्द उतरावयाचा आहे त्याचे आहे. ती भिऊन नाकबूल करते, तर तू हसलीसच, असे तिला सुनावले जाते आणि प्रसंग तेथेच तुटतो. पुत्राचे नाव इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. संशयाचा उद्गार पूर्ततेच्या नावात कायमचा कोरला जातो. पूर्तता संशय पुसत नाही, त्याला नाव म्हणून वागविते, हे या कथेचे मर्म मला वाटते.

हागारची बाब याहून कठीण आहे. विलंब असह्य झाल्यामुळे जो उपाय योजला गेला, त्याची किंमत तिने मोजली. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मधील 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' या ग्रंथात तिच्या कथेचे वाचन करून हा मुद्दा ठामपणे मांडला. 'देवाची वेळ' हे सांत्वन ज्यांना दिले जाते त्यांच्यात हागार नसते; इतरांच्या अधीरतेचे आणि पुढे इतरांच्या पूर्ततेचेही ओझे तिने वाहिले आहे. इसहाक वाढू लागताच तिला मुलासह रानात घालविले जाते. परंतु संहितेने तिला पूर्णपणे गाळलेले नाही. तिलाही वंशाचे अभिवचन मिळते, आणि देवाला स्वतः नाव देणारी या कथेतील व्यक्ती तीच आहे : पाहणारा देव. धीराचा उपदेश करणारे कोणतेही वाचन हागारेच्या ओळी गाळून करता येत असेल, तर ते वाचन अपुरे मानले पाहिजे. भूमीच्या अभिवचनाबाबतही हेच. कनानी त्या वेळी देशात होते, हे निवेदक पहिल्याच अभिवचनाच्या आधी नोंदवून ठेवतो.

५

मराठी साहित्याच्या संदर्भात या विवेचनाचे दोन धागे पुढे नेता येतात. पहिला थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. अभ्यासक्रमांतून तो मुख्यतः मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांपुरता शिकविला जातो. त्याच्या रचनेकडे मात्र तितके लक्ष जात नाही. मूळ पोर्तुगीज शीर्षकानुसार हा ग्रंथ तारकाच्या जगात 'येण्या'विषयीचा आहे. त्याचे दोन भाग आहेत. ३६ अवस्वरूंचे 'पहिले पुराण' जुन्या कराराचे, ५९ अवस्वरूंचे 'दुसरे पुराण' ख्रिस्तचरित्राचे. म्हणजे ग्रंथाच्या एक तृतीयांशाहून अधिक भागात नायक आलेला नाही. त्याची केवळ वाट पाहिली जात आहे. अवतार केव्हा व कशासाठी होतो याचे उत्तर पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला ठाऊक होते. पण एकाच अवताराची पिढ्यान्‌पिढ्या प्रतीक्षा करणारा कथनकाल त्याला नवा होता. साष्टीतील ज्या नवख्रिस्ती समाजासाठी हे रचले गेले, त्याने आपली देवळे पाडली जाताना पाहिली होती, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू होते. ज्यांचा स्वतःचा भूतकाळ हिरावला गेला होता, त्यांना दुसऱ्या एका लोकसमूहाच्या प्रतीक्षेचा भूतकाळ ओवीतून दिला गेला. या व्यवहारातील सौंदर्य आणि सक्ती यांचा एकत्र विचार अजून व्हावयाचा आहे.

दुसरा धागा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. दरम्यानच्या वर्षांत वियोग आहे, लोकनिंदा आहे. टिळकांचा ईश्वरी योजनेवरचा भरवसा अढळ. पण हाती पैसा न टिकणाऱ्या त्या घराचा गाडा ओढला लक्ष्मीबाईंनी. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हाही हीच विषम विभागणी दिसते. साराच्या हसण्याविषयी वर जे म्हटले, त्याच्या प्रकाशात 'स्मृतिचित्रे'तील विनोद वाचून पाहावा. तो केवळ स्वभावविशेष म्हणून वाखाणला जातो. वस्तुतः ज्याला शब्द ऐकू आला तो आणि ज्याला त्या शब्दाचे परिणाम सोसावे लागले तो, यांच्यातील अंतर मोजण्याचे ते साधन आहे. लक्ष्मीबाई टिळकांची थट्टा करतात, पण त्यांच्या शब्दाकडे पाठ फिरवीत नाहीत. त्यांची श्रद्धाही एका क्षणात सिद्ध होत नाही; विरोधातून, कुतूहलातून, लहान लहान निर्णयांतून ती हळूहळू घडते. मधल्या काळाचे इतके प्रामाणिक लेखन मराठी आत्मचरित्रात विरळाच.

या ठिकाणी भक्तिपरंपरेची आठवण होणे साहजिक आहे, कारण तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी टिळकांची धारणा होती. तुकोबाही देवाला जाब विचारतात, आणि तोही श्रद्धेतूनच. तरी एक भेद राहतो. पंढरीचा देव अठ्ठावीस युगांपासून उभा आहे अशी वारकऱ्यांची भावना आहे. तेथे वाट पाहणारा देव आहे आणि भक्ताला उशीर झाला आहे. वारी दरवर्षी येते, भेट दरवर्षी घडते. अब्राहामकथेत वाट पाहणारा मनुष्य आहे, आणि काळ परत येत नाही. तथापि येथे 'चक्राकार पौर्वात्य काळ' आणि 'सरळरेषीय ख्रिस्ती काळ' असे सोपे द्वंद्व उभे करू नये. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ मध्ये बायबलच्या कालकल्पनेची जी मांडणी केली, तिच्यातील केवळ शब्दांवर सिद्धान्त उभारण्याची पद्धती जेम्स बार यांनी १९६२ मध्ये सप्रमाण खोडून काढली होती. अठराव्या अध्यायात पुत्रजन्माच्या 'नेमलेल्या वेळे'साठी जो हिब्रू शब्द येतो, तोच अन्यत्र सणासाठीही वापरला जातो. रेषेवरील बिंदू आणि दरवर्षी परतणारा उत्सव हे दोन्ही एका शब्दात सामावू शकतात.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाला आपल्या समीक्षेने दीर्घकाळ 'मिशनरी वाङ्मय' या कप्प्यात ठेवले. अलीकडे, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आल्यावर, त्याची चर्चा काही काळ झाली. पण ती मुख्यत्वे व्यक्तीभोवती आणि धर्माभोवती फिरली. या वाङ्मयाचे कथनकाल, त्यातील निवेदकाचे मौन, संशयाचे उद्गार, स्त्रियांचे हसणे यांची चिकित्सा व्हावयाची राहिली आहे. श्रद्धावान वाचकाला अशा चिकित्सेचे भय वाटण्याचे कारण नाही, कारण जाब विचारण्याला मूळ संहितेतच मोकळीक आहे. अश्रद्ध वाचकालाही पूर्तता सोडून केवळ उपरोध टिपण्याची मुभा ती देत नाही. इसहाक जन्मतो, आणि त्याचे नाव तेच राहते. पहिल्या पुराणाच्या छत्तीस अवस्वरूंचे या दृष्टीने सलग वाचन करणे हे पुढील अभ्यासकापुढचे पहिले काम आहे.